डॉपलर चुकीच्या मानेवर फिरतोय



आजचा लेख नेहमीसारखा "अमुक आजार म्हणजे काय, लक्षणं कोणती, उपाय काय" असा नाही. आज जरा भांडायचं आहे. माझ्याच व्यवसायाशी, आणि थोडं तुमच्याशीही. शेवटी माझी स्वतःचीही एक चूक सांगणार आहे, म्हणून आधी रागावू नका, पूर्ण वाचा. (लेखातल्या दोन्ही रुग्णांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

एकाच दिवशी आलेले दोन रुग्ण

सकाळी एक गृहस्थ आले. वय चोपन्न, बँकेत नोकरी, बेसा-पिपळा भागात स्वतःचा फ्लॅट. हातात जाडजूड फाइल.

"डॉक्टरसाहेब, दोन दिवस चक्कर येऊन राहिली होती. म्हटलं, सगळंच करून घ्यावं. पॅकेजमध्ये मानेच्या नसांचा डॉपलरही होता."

रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, मानेतल्या मोठ्या धमनीच्या आतल्या थराची जाडी किंचित वाढलेली, दुभाजकाजवळ छोटासा प्लाक, रक्तप्रवाहाला कुठेही अडथळा नाही. डॉक्टरच्या भाषेत याचा अर्थ, चोपन्न वर्षांच्या माणसाची धमनी चोपन्न वर्षांची दिसते आहे. पण त्यांनी "प्लाक" हा शब्द मोबाइलवर शोधला आणि चार रात्री झोपले नाहीत. आता त्यांना मेंदूची अँजिओग्राफी हवी होती.

मी त्यांना टेबलावर बसवलं, मान एका बाजूला वळवून झटकन मागे झोपवलं. डोळे गरगर फिरले, चक्कर आली, अर्ध्या मिनिटात थांबली. कानाच्या आतले कण सरकल्याने येणारी चक्कर. मान ठरावीक क्रमाने फिरवून ते कण जागेवर बसवले. दहा मिनिटांचं काम. मानेच्या धमनीचा त्या चक्करेशी काही संबंध नव्हता.

त्याच संध्याकाळी एक आई नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मूळ गाव गडचिरोली जिल्ह्यात, वडील इथल्याच एका इमारतीच्या बांधकामावर. मुलीला सिकलसेल आहे, एसएस प्रकारचा. हे निदान ती दोन वर्षांची असतानाच झालेलं. आई म्हणाली, "ताप तर आहेच साहेब, पण हिच्या डाव्या हातातून वस्तू पडून राहिल्या. शाळेतली बाई म्हणते, आताशा हिचं लक्ष नसते."

मुलीला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात पाठवलं. एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या भागात रक्तपुरवठा बंद पडून झालेली जुनी आणि नवी इजा दिसली. अँजिओग्राफीत मेंदूतली मुख्य धमनी अरुंद झालेली.

नऊ वर्षांच्या मुलीला पक्षाघात! आणि निदान हातात आल्यापासूनच्या सात वर्षांत तिच्या कानशिलावर एकदाही डॉपलरचा प्रोब ठेवला गेला नव्हता.

माझं भांडण या दोन फाइलींवरून आहे. ज्याला गरज नव्हती त्याची मान तपासली गेली. जिचा हात वाचू शकला असता तिचं डोकं कुणी तपासलं नाही.

आधी थोडं समजून घेऊ: या तपासण्या आहेत तरी काय?

डोक्याच्या आणि मानेच्या रक्तवाहिन्या बघायच्या मुख्य पद्धती चार.

*डॉपलर सोनोग्राफी.* आवाजाच्या लहरींनी धावत्या रक्ताचा वेग मोजतात. सुई नाही, किरण नाहीत. मानेवर प्रोब ठेवला की मानेच्या धमन्या दिसतात. कानशिलावर, जिथे कवटीचं हाड पातळ असतं, तिथे योग्य प्रोब ठेवला की कवटीच्या आतल्या धमन्यांचा वेग मोजता येतो. या दुसऱ्या प्रकाराला ट्रान्सक्रेनियल डॉपलर म्हणतात. पुढे आपण त्याला टीसीडी म्हणू, कारण लेख त्याच्यासाठीच आहे.

*एमआर अँजिओग्राफी.* एमआरआयच्या मशीनवर होते. किरण नाहीत, मेंदूच्या धमन्यांसाठी बऱ्याचदा इंजेक्शनही लागत नाही. वेळ मात्र जास्त लागतो आणि लहान मुलाला स्थिर ठेवणं अवघड जातं.

*सीटी अँजिओग्राफी.* शिरेतून औषध सोडून काही सेकंदांत चित्र घेतात. पक्षाघाताच्या तातडीत हीच कामाची. पण किरणोत्सर्ग आहे, आणि किडनी कमजोर असेल तर औषध जपून द्यावं लागतं.

*डीएसए.* मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी थेट धमनीत नेऊन केलेली अँजिओग्राफी. पोर्तुगालमध्ये एगास मोनिझ यांनी १९२७ साली माणसाच्या मेंदूची पहिली अँजिओग्राफी केली, तिचीच ही सुधारलेली नात. सगळ्यांत स्पष्ट चित्र हिचंच, पण हिच्यात थोडा का होईना धोका असतो. म्हणून ती शेवटी.

चारही तपासण्या उत्तम आहेत. पण "काही सुटायला नको" हे तपासणीचं कारण होऊ शकत नाही. आधी प्रश्न हवा, मग तपासणी.

"काहीच त्रास नाही, पण बघून घेऊ": यात वाईट काय?

मानेवाडा-बेसा रोडने जाताना आरोग्य तपासणीच्या पॅकेजचे फलक तुम्ही पाहिलेच असतील. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड यांच्या जोडीला हल्ली "मानेच्या नसांचा डॉपलर"ही असतो. वाढदिवसाला, लग्नाच्या वाढदिवसाला आई-बाबांना हे पॅकेज भेट देणारी मुलंही आता भेटतात. भावना चांगली आहे, यात शंका नाही.

पण अमेरिकेत कुठली तपासणी सरसकट करावी आणि कुठली करू नये हे ठरवणारा एक स्वतंत्र तज्ज्ञगट आहे. ज्यांना कुठलंही लक्षण नाही अशा प्रौढांची मानेच्या धमनीसाठी सरसकट तपासणी करू नका, असं त्याने २००७ मध्ये सांगितलं, २०१४ मध्ये सांगितलं आणि २०२१ मध्ये पुन्हा सांगितलं. कारण समजून घ्या.

सर्वसामान्य प्रौढांमध्ये धमनी धोकादायक इतकी अरुंद असण्याचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. इतकी दुर्मीळ गोष्ट सगळ्यांच्यात शोधायला गेलं की खऱ्यापेक्षा खोटे इशारे जास्त मिळतात. खोट्या इशाऱ्यानंतर सीटी अँजिओग्राफी, तिच्यानंतर कदाचित डीएसए, आणि एखाद्याचं ऑपरेशन किंवा स्टेंट. मानेच्या धमनीच्या ऑपरेशनचा एक ज्ञात धोका कोणता? पक्षाघात. म्हणजे जो टाळायला निघालो तोच.

बरं, छोटा प्लाक सापडला तरी मी काय सांगणार? बीपी ताब्यात ठेवा, साखर सांभाळा, तंबाखू-खर्रा सोडा, चाला, गरज असेल तर कोलेस्टेरॉलची गोळी घ्या. हे तर मी डॉपलरशिवायही सांगत होतोच! नागपुरात खर्रा खाणाऱ्या माणसाला त्याच्या धमनीचं चित्र दाखवायची गरज नाही. खर्रा सोडायची गरज आहे.

आणि उलट बाजूही ऐका. मानेचा डॉपलर नॉर्मल आला म्हणजे मेंदू सुरक्षित, असंही नाही. आपल्या भारतीयांमध्ये कवटीच्या आतल्या धमन्या अरुंद होण्याचं प्रमाण पाश्चात्त्य लोकांपेक्षा जास्त आढळतं. मानेवर फिरवलेल्या प्रोबला कवटीच्या आतलं काही दिसत नाही. म्हणजे भीती खोटी, आणि दिलासाही खोटा.

मग या तपासण्या तातडीने कुणाच्या व्हायला हव्यात?

ही यादी फ्रिजवर लावून ठेवा.

१. तोंड वाकडं झालं, एक हात-पाय लुळा पडला, बोबडं बोलणं सुरू झालं. वेळ बघा आणि १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी धमनी बंद असेल तर नळीने गुठळी काढता येते. निवडक रुग्णांत हे २४ तासांपर्यंत शक्य असतं, पण ते ठरवायला अँजिओग्राफी लागते.

२. वरची लक्षणं आली आणि दहा मिनिटांत गेली. लोक म्हणतात, "आता बरं वाटते, उद्या पाहू." उद्या नाही, आजच! पुढच्या काही दिवसांत मोठा झटका येण्याचा धोका सगळ्यांत जास्त असतो. मानेचा डॉपलर खरा इथे हवा. अशा रुग्णाची धमनी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद असेल तर ऑपरेशनचा फायदा होतो, आणि तो दोन आठवड्यांच्या आत केलं तर सर्वांत जास्त.

३. आयुष्यात कधीच दुखलं नाही असं डोकं एका क्षणात, वीज पडल्यासारखं दुखलं. मेंदूतल्या धमनीचा फुगा फुटलेला असू शकतो.

४. बाळंतीण बाई, किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेणारी बाई, आणि काही दिवसांपासून वाढत जाणारी डोकेदुखी, अंधुक दिसणं किंवा फिट. मेंदूतल्या अशुद्ध रक्ताच्या शिरेत गुठळी असू शकते. "बाळंतपणाचा वात आहे" म्हणून घरी डोक्याला कापड बांधून ठेवू नका.

५. अपघातानंतर किंवा सलूनमध्ये मान मोडून घेतल्यानंतर मानेत एका बाजूला नवीनच, तीव्र दुखणं, त्यात एक पापणी खाली आलेली. धमनीचा आतला पदर फाटलेला असू शकतो. (आणि सलूनमध्ये मान मोडून घेणं बंद करा. दाढी करा, घरी या.)

६. घरातल्या दोन किंवा अधिक सख्ख्या नातलगांना मेंदूतल्या धमनीचा फुगा असेल, किंवा तुम्हाला किडनीत गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असेल, तर त्रास नसतानाही एमआर अँजिओग्राफीबद्दल डॉक्टरांशी बोला.

७. सिकलसेल, एसएस प्रकार, वय २ ते १६. वर्षातून एकदा टीसीडी, अंगात काहीही लक्षण नसताना.

सातवा मुद्दा पुन्हा वाचा. वर मी म्हणालो की त्रास नसताना डॉपलर करू नका. इथे म्हणतोय, त्रास नसतानाच करा. हा विरोधाभास नाही. पहिल्या प्रसंगात आजार दुर्मीळ, खोटे इशारे भरपूर आणि सापडल्यावर नवं करण्यासारखं फारसं काही नाही. दुसऱ्यात धोका मोठा, इशारा भरवशाचा आणि सापडल्यावर करण्यासारखं भरपूर आहे. सरसकट तपासणी करावी की नाही, हे ठरवायची कसोटी एवढीच असते.

सिकलसेल आणि मेंदू: आपल्याच मातीतला आजार

सिकलसेल विदर्भाला नवा नाही. मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद नागपूरच्याच डॉक्टरांनी १९५८ मध्ये जागतिक वैद्यकीय नियतकालिकांत केली. आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर मागास समाजांतल्या असंख्य घरांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. आई-वडील दोघेही वाहक म्हणजे एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक.

अंगदुखीचे झटके, कावीळ, रक्त कमी होणं हे सगळं लोकांना माहीत आहे. माहीत नाही ते हे, की एसएस मुलांच्या मेंदूच्या मोठ्या धमन्या हळूहळू आतून जाड होऊन अरुंद होतात. टीसीडी नव्हती त्या काळातल्या अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत, एसएस रुग्णांपैकी सुमारे ११ टक्क्यांना वयाच्या विसाव्या वर्षाआधी उघड पक्षाघात झालेला दिसला. याशिवाय मुकी इजा असते. हात-पाय ठीक, पण मेंदूत छोटे छोटे भाग मेलेले. अशा मुलाचं लक्ष लागत नाही, गणित जमत नाही, आणि आपण म्हणतो, "पोरगं ढ आहे."

आता धमनी अरुंद होतेय हे आधी कसं कळणार? अंगणात झाडांना पाणी देताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून पाहा. तोंड लहान झालं की धार जोरात जाते. धमनीचंही तसंच. अरुंद झाली की रक्ताचा वेग वाढतो, आणि वेग तर डॉपलरला मोजता येतो.

कवटीतून हा वेग मोजायची पद्धत १९८२ मध्ये नॉर्वेच्या रून आस्लिड यांनी दाखवली. अमेरिकेतले डॉ. रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी ती सिकलसेलच्या मुलांवर वापरली आणि दाखवून दिलं की ज्यांचा वेग जास्त, त्यांनाच पुढे पक्षाघात होतो. सरासरी वेग सेकंदाला १७० सेंटिमीटरच्या खाली असेल तर ठीक. १७० ते १९९ म्हणजे लक्ष ठेवा, लवकर पुन्हा तपासा. २०० किंवा अधिक म्हणजे उपचार न केल्यास शंभरातल्या दहा मुलांना दरवर्षी पक्षाघात. (नेहमीच्या रंगीत डॉपलर मशीनवर ही मर्यादा थोडी खाली धरतात. ते रेडिओलॉजिस्टना माहीत असतं.)

मग १९९८ चा तो अभ्यास. वेग २०० च्या वर असलेली १३० मुलं. ६७ मुलांना नेहमीचे उपचार, ६३ मुलांना नियमित रक्त. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ११ मुलांना मेंदूचा आघात झाला. रक्त घेणाऱ्यांत एकाला. फरक इतका उघड होता की अभ्यास मध्येच थांबवून सगळ्यांनाच रक्त देऊ केलं.

मंडळी, तीसेक वर्षं डॉक्टरकी केली. वीस-पंचवीस मिनिटांची, सुई नसलेली, किरण नसलेली तपासणी, आणि तिच्या आधाराने दहातले नऊ पक्षाघात टाळता येतात, असं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

यावर जी उत्तरं मिळतात

*"आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असतो."*

अर्धं खरं. भारतीय रुग्णांत बाळपणीचं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं आणि त्याचा फायदा अनेकांना होतो. पण नागपूरच्या मुलांवर झालेल्या अभ्यासांत बऱ्याच मुलांना वारंवार दाखल करावं लागतं, रक्त द्यावं लागतं असंच दिसलं. "सौम्य" हा शब्द सरासरीसाठी ठीक आहे. तुमचं मूल सरासरी नसतं. त्याच्या धमनीतला वेग किती आहे, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

*"मशीन कुठे आहे?"*

हे उत्तर ऐकलं की मला राग येतो. रामदासपेठ आणि धंतोलीत एका गल्लीत किती रंगीत डॉपलर मशीन आहेत ते चालत मोजा. योग्य प्रोब असेल, म्हणजे हृदयाच्या इकोसाठी वापरतात त्या जातीचा, तर त्यातल्या अनेक मशीनवर टीसीडी करता येते. शिकलेला हात मात्र लागतो, आणि तो शिकवता येतो. ज्या मशीनला निरोगी माणसाची मान बघायला रोज वेळ आहे, तिला आठवड्यातून एक दुपार सिकलसेलच्या मुलांसाठी नाही?

*"वेग जास्त निघाला तर पुढे काय? दर महिन्याला रक्त कोण देणार?"*

हा मुद्दा खरा आहे, म्हणून नीट उत्तर देतो. सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांना सरकारी रक्तपेढीतून रक्त मोफत मिळावं असं धोरण आहे. वर्षभर रक्त दिल्यावर, एमआर अँजिओग्राफीत धमन्या फार खराब नसतील, तर हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्यांवर आणता येतं, हे नंतरच्या एका अभ्यासात सिद्ध झालं. आणि जिथे नियमित रक्त शक्यच नाही? नायजेरियात अशा, जास्त वेग असलेल्या मुलांना नुसती हायड्रॉक्सीयुरिया दिली. आघाताचं प्रमाण शंभर मुलांमागे वर्षाला एक ते दोनवर राहिलं. उपचारांशिवाय ते दहाच्या आसपास असतं, हे वर सांगितलंच. याच आधारावर, रक्त मिळणं कठीण असलेल्या देशांत अशा मुलांना हायड्रॉक्सीयुरिया द्या, असं अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीने २०२० मध्ये सांगितलं.

हायड्रॉक्सीयुरिया आपल्याला अनोळखी नाही. कमी डोसमध्येही ती आपल्या मुलांचे दुखण्याचे झटके आणि रक्त द्यावं लागण्याचं प्रमाण कमी करते, हे नागपूर मेडिकलच्या डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं. म्हणजे गोळी आहे आणि तिचा अनुभवही आपल्याच गावात आहे. कुणाच्या मेंदूसाठी ती उद्याऐवजी आजच सुरू करायची, हे सांगणारी तपासणी तेवढी होत नाही.

आता माझी चूक

ती नऊ वर्षांची मुलगी माझ्याकडे पहिल्यांदा आली नव्हती. माझ्या रजिस्टरात तिच्या आधीच्या पाच भेटी आहेत. ताप, खोकला, अंगदुखी, पुन्हा ताप. प्रत्येक वेळी मी तिच्या कार्डावर "सिकलसेल एसएस" लिहिलं, लसी झाल्या का विचारलं, पाणी भरपूर पाज म्हणालो. टीसीडी झाली का, हे एकदाही विचारलं नाही. मला माहीत नव्हतं असं नाही. एमडीच्या पुस्तकात होतं. पण "हे मोठ्या रुग्णालयात पाहत असतील" असं मी धरून चाललो. तिकडच्यांनीही कदाचित असंच काहीतरी धरलं असेल.

त्याच काळात मी किती निरोगी लोकांच्या डॉपलरचे रिपोर्ट शांतपणे समजावून सांगत बसलो, ते मोजायचं धाडस मला होत नाही.

मुलगी आता नियमित रक्त घेते. चालते, बोलते, शाळेत जाते. डाव्या हाताने वेणी घालता येत नाही. आई घालून देते.

तेव्हापासून माझ्या टेबलावर काचेखाली एक चिठ्ठी आहे: "एसएस? टीसीडी कधी झाली?" एवढंच.

आता तुम्ही काय करायचं?

*तुमचं मूल एसएस असेल तर:* पुढच्या भेटीत डॉक्टरांना हेच शब्द सांगा, "साहेब, हिची टीसीडी करायची आहे, चिठ्ठी द्या." डॉक्टर म्हणाले "गरज नाही", तर नम्रपणे विचारा, "वेग मोजल्याशिवाय कसं कळेल?" मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स, जिथे तुमची फाइल आहे तिथल्या बालरोग विभागात ही तपासणी कुठे होते ते विचारा. सिकलसेलच्या रुग्णाला एसटीच्या साध्या बसमध्ये मोफत प्रवासाची सवलत आहे, ती वापरा.

तपासणीच्या दिवशी मूल जागं आणि शांत हवं. झोपेत किंवा रडताना वेग बदलतो. ताप असेल किंवा नुकतंच रक्त दिलं असेल तर काही आठवडे थांबा, नाहीतर आकडा चुकीचा येतो. रिपोर्टमध्ये नुसतं "नॉर्मल" नको, सेंटिमीटरमधला आकडा लिहून मागा आणि फाइलला लावा. पुढच्या वर्षी पुन्हा.

*मूल एएस, म्हणजे वाहक असेल तर:* टीसीडीची गरज नाही. घाबरू नका. त्याचं लग्न ठरवताना मात्र जोडीदाराची तपासणी विसरू नका.

*एसएस मुलाच्या हातातून वस्तू पडत असतील, चाल बदलली असेल, बोलणं अडखळत असेल, फिट आली असेल, किंवा शाळेत एकाएकी मागे पडलं असेल तर:* टीसीडीची वाट पाहू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.

*तुम्ही निरोगी असाल आणि पॅकेज घ्यायचंच असेल तर:* बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन पुरे. मानेचा डॉपलर वगळायला सांगा. आई-बाबांना भेटच द्यायची असेल तर चांगलं बीपीचं मशीन द्या, आणि ते वापरायला शिकवा.

आणि जे ठरवतात त्यांना

१ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट आहे. चांगली गोष्ट आहे, मनापासून सांगतो. पण ही तपासणी पुढची मुलं एसएस जन्मू नयेत यासाठी जास्त उपयोगी आहे. जी जन्मली आहेत, आज आठ वर्षांची आहेत, त्यांना कार्ड दिल्यावर पुढे काय? किती कार्डं वाटली हे मोजता, तसं किती एसएस मुलांची या वर्षी टीसीडी झाली, हेही जिल्हावार मोजा. जे मोजलं जातं तेच होतं, हे सरकारी कामात सगळ्यांना माहीत आहे.

माझ्या रेडिओलॉजिस्ट मित्रांना एकच विनंती. तुमच्यातले अनेक जण हे वाचून चिडतील, मला माहीत आहे. चिडा, पण आठवड्यातून एक दुपार द्या. कुणी देणार असेल तर मला क्लिनिकवर निरोप पाठवा. बेसा, मनीष नगर, हुडकेश्वर भागातली एसएस मुलं तुमच्यापर्यंत पोचवायचं काम माझं.

आणि तुमच्या ओळखीत, कामवाल्या ताईंच्या घरी, बांधकामावर, शाळेत एखादं सिकलसेलचं मूल असेल, तर हा लेख त्यांना वाचून दाखवा. वाचायला दहा मिनिटं लागतात. टीसीडीला वीस.

काळजी घ्या.

तुमचा डॉक्टर,
बेसा, नागपूर